पोचल्याचा मिस कॉल

आई, गाडी विकायची ठरली आहे. उद्या दुपारी दोन मुली येणार आहेत आणि सगळं नीट झालं तर ती घेऊनच जातील. तुला हे कोणीतरी सांगायला हवं, आणि बाबा सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

गाडी अजून चालते. छतावरचा पांढरा रंग उन्हाने खडूसारखा झाला आहे, हात फिरवला की बोटांना लागतो. मागची डावी काच खाली जात नाही. ती मीच लहानपणी सारखी वरखाली करून बिघडवली, असं बाबा अजूनही म्हणतात. पुढचे ब्रेक पॅड, एक टायर आणि एक दिवा बदलल्यावर तिला रोडवर्दी सर्टिफिकेट मिळालं. म्हणजे एका माणसाने तिला वर उचलून, ठोकून, दिवे लावून बघून ती रस्त्यावर चालवायला योग्य आहे असं लिहून दिलं. त्याने जे तपासलं ते सगळं ठीक आहे. मला भीती आहे ती त्याने न तपासलेल्या एका गोष्टीची, आणि ती त्याला तपासता येण्यासारखी नव्हती. तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते आहे.

बाबा शहराच्या या टोकाचं टार्निटचं घर सोडून माझ्याकडे राहायला येत आहेत. माझ्या युनिटला एकच पार्किंग आहे. इतकी वर्षं ती गाडी गॅरेजमध्ये उभी होती. बाबा रविवारी तिला दुकानापर्यंत नेऊन आणायचे, वर्षाच्या वर्षाला रजिस्ट्रेशन भरायचे, आणि रोजच्या कामाला दुसरी गाडी वापरायचे. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. एका रविवारी तेच म्हणाले, "दे आता कोणाला तरी. उभ्या उभ्या गंजतेय." आणि जाहिरात टाकायचं काम माझ्यावर सोडून परसात लसणीला पाणी घालायला गेले.

तुमच्या वेळी जशी आपल्याकडची मुलं इथे शिकायला आली होती तशी आता पुन्हा आली आहेत. सगळ्यांना गाडी हवी आहे आणि सगळ्यांना आजच हवी आहे. जाहिरात टाकल्यापासून माझा फोन थांबला नाही. एक जण आला तो व्हिडिओ कॉलवर जालंधरच्या मामाला सोबत घेऊनच. मामा फोनमधून हुकूम सोडत होते, "बेटा, कैमरा नीचे कर. और नीचे. ये तेल टपक रहा है?" मी म्हणाले, "एसी का पानी है." मामा म्हणाले, "आप कौन?" मी म्हणाले, "गाड़ी मेरी है." मामा म्हणाले, "कोई भाईसाहब हैं घर पे?" मी गॅरेजचं शटर खाली ओढलं. बाबा आतून म्हणाले, "गेला का गं? मला तर मामा बरा वाटला."

मग ही मुलगी. तिने पहिला मेसेज इंग्रजीत केला आणि माझं आडनाव वाचून दुसरा मराठीत. अकोल्याची आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला क्लेटनला राहते, युनिव्हर्सिटीत मास्टर्स करते आणि संध्याकाळी एका वृद्धाश्रमात शिफ्ट करते. तिने लिहिलं, "ताई, गाडी आहे ना अजून? मला शिफ्टनंतर स्टेशनवरून चालत यायची भीती वाटते." गाडी घेणाऱ्याने विकणाऱ्याला इतकं खरं सांगायचं नसतं. मी ते वाचलं आणि बाकीच्या सगळ्यांना गाडी गेली म्हणून कळवून टाकलं. त्या क्षणापासून मला धड झोप नाही.

कारण आपण ती घेतली तीही याच भीतीने. मी तेव्हा आठ वर्षांची. स्टुडंट व्हिसा तुझा, मी आणि बाबा त्याला लटकलेले. सकाळी अकाउंटिंगचं कॉलेज, दुपारनंतर म्हाताऱ्या माणसांना अंघोळी घालायचं काम. त्या वर्षी इथे आपल्या भारतीय मुलांना ट्रेनमध्ये, स्टेशनबाहेर मारल्याच्या बातम्या यायच्या, आणि बातम्यांपेक्षा जास्त एकमेकांच्या स्वयंपाकघरांतून यायच्या. कोणाचा फोन हिसकावला, कोणाच्या तोंडावर बाटली मारली. बाबा वेअरहाउसला रात्रपाळी करायचे. तू एक दिवस कामावरून आलीस ती दाराला पाठ लावून उभी राहिलीस, चप्पल न काढता. काय झालं ते सांगितलं नाहीस. त्या महिन्यात गाडी आली.

ती आणली तेव्हा बाबांचे एक मित्र चार लिंबं घेऊन आले होते, चाकांखाली ठेवायला. तू म्हणालीस, "भाऊजी, लिंबं फ्रिजमध्ये ठेवा, सरबत करते." मग फ्लॅटच्या पार्किंगमध्ये आपण तिघांनी गाडीसमोर हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं, हळू आवाजात, कारण वरच्या मजल्यावरचा माणूस गॅलरीतून बघत होता. त्याने शेवटी विचारलं, "यू गाइज ओके?" तू म्हणालीस, "येस, न्यू कार!" तो म्हणाला, "डझन्ट लुक न्यू, मेट." तू इतकी हसलीस की शेवटची ओळ राहूनच गेली.

गाडी ज्यांच्याकडे त्यांनी बाकीच्यांना आणायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण ते होतंच. थंडीत संध्याकाळी साडेपाचलाच अंधार होतो. मी मागच्या सीटवर, घरी एकटीला ठेवायचं नाही म्हणून, तू पुढे, आणि स्टेशनातून एकेक करून येणाऱ्या तुझ्या तीन मैत्रिणी. आत बसलं की आधी लॉक, मग बेल्ट, मग चावी. कोणी अनोळखी माणूस गाडीजवळून जाऊ लागला की तू वायपर चालू करायचीस. कोरड्या काचेवर वायपर घासत राहायचे. मी एकदा विचारलं कशाला, तर म्हणालीस, "आपण काहीतरी करतोय असं दिसावं." तिघींना त्यांच्या त्यांच्या दारात सोडायचं आणि प्रत्येकीने कडी लावली की आपल्याला मिस कॉल द्यायचा. एक रिंग, बस. पोचले. घरी आल्यावर तू कणीक मळून ठेवायचीस, पण तिन्ही मिस कॉल आल्याशिवाय तवा चढवत नव्हतीस. मला भूक लागलेली असायची. तिसरी रिंग वाजली की मी ओरडायचे, "झाल्या तीन!" आणि तू लाटणं हातात घ्यायचीस. आजही फोन एकदाच वाजून थांबला की मला गरम चपातीचा वास येतो. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

गाडी पहिल्यांदा बंद पडली तो दिवस तुला आठवत असेल. उन्हाळा, क्लेटनचं रेल्वे फाटक, पुढे गाड्यांची रांग. तेव्हा तिथे फाटक होतं. आता रूळ वरून गेले आहेत. फाटक उघडलं, पुढच्या गाड्या निघाल्या, आणि आपली नुसती थांबली. आचका नाही, आवाज नाही. चावी फिरवली तर इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. मागून हॉर्न. एक दांडगा माणूस त्याच्या यूटमधून, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, उतरून आपल्या काचेपाशी आला आणि बोटाने टकटक करू लागला. मी किंचाळले. तू वळून म्हणालीस, "ओरडून गाडी चालू होते का? गप्प बस." पण तू काच खाली केली नाहीस. तो बोलत होता, तू मान हलवत होतीस, वायपर चालू. शेवटी त्याने हात वर केले, मागे गेला, आणि त्याने आणि आणखी एकाने गाडी ढकलून कडेला लावली. तू बंद काचेतून "थँक यू, थँक यू" म्हणत राहिलीस. तो गेल्यावर तू हसायला लागलीस, आणि वायपर तसेच कोरड्या काचेवर घासत राहिले.

बाबांनी त्यावर उपाय काढला. गावाकडे काकांची काळी-पिवळी जीप त्यांनी उन्हाळ्यात चालवलेली. इंजिन तापलं की पेट्रोलचा पंप हवा धरतो, त्यावर ओलं फडकं टाकायचं, थंड झाला की गाडी चालू. त्यांनी बोनेट उघडून बोट ठेवून दाखवलं, "हा पंप." तू तुझ्या जुन्या सुती साडीचा निळ्या काठाचा तुकडा फाडलास आणि पाण्याच्या बाटलीबरोबर पुढच्या सीटखाली ठेवलास. त्यानंतर दोन-तीनदा गाडी बंद पडली, तू उतरून फडकं टाकलंस, आणि थोड्या वेळाने ती चालू झाली; मग बराच काळ पडलीच नाही. बाबा खूश. तू त्यांना डॉक्टर म्हणायला लागलीस.

आता मी जे शिकले आहे त्यावरून सांगते. या गाडीचा पंप टाकीत असतो, मागच्या सीटखाली, मी बसायचे त्याच्या बरोबर खाली. बाबांनी दाखवला तो पॉवर स्टिअरिंगच्या तेलाचा डबा होता. तू इतक्या वेळा ज्याला थंड केलंस त्याचा गाडी बंद पडण्याशी काही संबंध नव्हता. गाडी चालू व्हायची ती फक्त वेळ गेल्यामुळे. इंजिन फिरतंय की नाही ते ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो; तो जुना झाला की तापल्यावर आतली तार सुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. माझा अंदाज तो. दोन महिन्यांपूर्वी मी तो बदलला. जुना सेन्सर ओव्हनमध्ये तापवून मीटर लावून बघितला, तर बाबा आत डोकावले, "हे काय भाजतेस?" तापवला, निववला, पुन्हा तापवला. तार एकदाही सुटली नाही. म्हणजे दोष त्याच्यात नसेलही. मग मी भर उन्हात गाडी शहराच्या पलीकडे नेऊन आणली, पुलावरून, बोगद्यातून, ट्रॅफिकमध्ये तिष्ठत ठेवली. मनात म्हणत होते, पड एकदा बंद, माझ्यासमोर पड. ती पडली नाही. चांगली गोष्ट आहे, असं कोणीही म्हणेल. पण सापडला नाही म्हणजे दोष गेला असं मला म्हणता येत नाही. माझ्या कामात तसं म्हणणाऱ्याला घरी पाठवतात.

माझं काम तुला माहीत नाही. मी रेल्वे सिग्नलच्या चाचण्या करते. तार तुटली, वीज गेली, काहीही झालं तरी सिग्नल लाल व्हायला हवा, अशी सगळी रचना असते. गाड्या उगाच थांबल्या तर लोक चिडतात, एवढंच. आम्ही ज्याला खरे घाबरतो तो बिघाड उलटा असतो: पुढचा रस्ता मोकळा नसताना हिरवा दाखवणारा. हे काम का निवडलं असं मुलाखतीत विचारलं होतं. मी म्हणाले, गणित आवडतं.

आता तो दिवस. मी बारा वर्षांची होते. फेब्रुवारी, इथला भर उन्हाळा, शाळा नुकती सुरू झालेली, बाहेर भट्टी. तू कामावरून आलीस आणि म्हणालीस, छातीत जड वाटतंय, गॅस झालाय. ओवा चावलास. मग खांदा चोळत बसलीस. मग म्हणालीस, दाखवून येते. ॲम्ब्युलन्स बोलावली की मागून बिल येतं, हे आपल्या लोकांना इथे सगळ्यात आधी कळायचं. बाबा शिफ्टवर. मी येते म्हणाले तर म्हणालीस, "तू अभ्यास कर. पोचले की मिस कॉल देते, मग कुकर लाव. तीन शिट्ट्या." फ्रिजवर तो जुना मोबाइल असायचा. तू गेलीस, मी टीव्ही लावला. हॉस्पिटल काही जवळ नव्हतं. आणि फोन वाजला, एक रिंग, थांबला. तू निघताना लागलेला कार्यक्रम अजून संपला नव्हता. मला वाटलं, आज सगळे सिग्नल हिरवे मिळाले असतील. मी कुकर लावला.

तू हॉस्पिटलात स्वतःच्या पायांनी चालत गेलीस आणि काउंटरपाशी पडलीस. संध्याकाळी बाबांचे ते लिंबंवाले मित्र मला घेऊन गेले. बाबा म्हणाले, गाडीतून आईची पर्स आण. मी दार उघडलं. पुढच्या सीटवर फडकं पडलं होतं. त्याखाली सीटचं कापड गडद झालं होतं, ओलं. बाटली रिकामी. मी फडकं उचललं, स्कर्टच्या खिशात कोंबलं, आणि पर्स घेऊन आत गेले. तू तोपर्यंत गेली होतीस.

म्हणजे गाडी वाटेत बंद पडली होती. तू त्या उन्हात, त्या छातीने उतरून बोनेट उघडलंस, तेलाच्या डब्यावर फडकं टाकलंस आणि उभी राहिलीस. आणि तिथूनच, न पोचताच, मला रिंग दिलीस. ते थांबणं किती वेळाचं होतं आणि त्याने काय फरक पडला, हे मला माहीत नाही, आणि आता कळायची सोय नाही. बाबांना यातलं काही माहीत नाही. त्यांनी गाडी इतकी वर्षं ठेवली ती एका वाक्यावर. कोणी तुझ्याबद्दल विचारलं की ते म्हणतात, "गाडीने तिला पोचवलं हो. दगा नाही दिला." ते गाडी धुताना बोनेटवर तळहात ठेवतात, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता माझी अडचण तुला कळली असेल. गाडी चालता चालता बंद पडू शकते हे त्या मुलीला सांगितलंच पाहिजे. उद्या अडतीस डिग्री सांगितलं आहे आणि तिचा रस्ता तोच, पूल आणि बोगदा. आणि मी ते सांगितलं की बाबा विचारणार, माझ्या उपायानंतर कधी बंद पडली होती? मी उद्या मुली यायच्या वेळी त्यांना काहीतरी आणायला दुकानात पाठवायचा विचार करते आहे. हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवून देणार आहे. तुझा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

*

काल इथपर्यंत लिहिलं होतं. आज रविवार.

बाबा दुकानात गेले नाहीत. अकोल्याची मुलगी येणार म्हटल्यावर त्यांनी सकाळपासून पोह्यांची तयारी केली होती. दोघी ट्रेन आणि बस करून आल्या, उन्हाने लाल झालेल्या. ती, आणि तिच्या घरातली हैदराबादची मैत्रीण. बाबा दारातच, "या, या. आधी पाणी. अकोल्यात कुठे?" तिने गल्ली सांगितली तर यांनी तिथला पिठाच्या गिरणीवाला सांगितला. ती म्हणाली, "काका, ती गिरणी बंद झाली ना, आता तिथे जिम आहे." बाबा म्हणाले, "म्हणजे लोक अजून घाम गाळायलाच जातात तिथे."

मी तिला गाडी चालवायला दिली. ती बसली आणि तिने सीट पुढे घेतली नाही, आरसा नीट केला नाही, आधी दाराचा लॉक दाबला. मग बेल्ट. मग चावी. मी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" म्हणाली, "कोणी नाही ताई, इकडे आल्यापासून सवयच लागली." मी तिला इंडिकेटर दाखवत राहिले.

पोहे खाताना मी सांगितलं. ठरवलं होतं तसं नाही, ती बशी खाली ठेवून "मग ताई, घेऊन जाऊ ना आज?" म्हणाली म्हणून. मी म्हणाले, "एक ऐकून घे. ही गाडी खूप तापली की चालता चालता बंद पडायची. मी एक पार्ट बदलला आहे, त्यानंतर पडलेली नाही. पण तो दोष गेलाच असं मी सांगू शकत नाही."

बाबा शेगडीपाशी होते. मागे न वळता म्हणाले, "अगं, ते केवढं जुनं! ते मी तेव्हाच बरं केलं होतं. त्यानंतर कधी पडलीय?"

मी गप्प राहू शकत होते. त्या मुलीला सांगून झालं होतं. पण तिने बाबांकडे बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला. तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

"पडली होती, बाबा."

"कधी?"

"शेवटच्या दिवशी. आईबरोबर."

त्यांनी गॅस बंद केला. हैदराबादवाली हळूच म्हणाली, "क्या हुआ?" आणि हिने तिचा हात दाबला. बाबा माझ्याकडे वळले. कालथा हातातच. "तुला कोणी सांगितलं?"

"फडकं ओलं होतं. सीटवर. बाटली रिकामी होती."

मला वाटलं आता खाली बसतील. मी खुर्ची मागे सरकवली, धरायला. ते म्हणाले, "म्हणजे फडकं होतं तिच्याजवळ."

"होतं."

"आणि टाकलं तिने. पंपावर."

"टाकलं."

"मग झाली चालू."

"झाली, बाबा."

"हं," ते म्हणाले. "मग बरं." आणि कढई उचलून त्या दोघींच्या बश्यांत आणखी पोहे वाढले. "घ्या. लाजायचं नाही."

पंप कुठे असतो ते मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही.

त्या मुलीला मी बाकी सगळं सांगितलं. बंद पडलीच तर डावीकडे घ्यायची, दिवे लुकलुकत ठेवायचे, दारं लॉक, मदतीला फोन करायचा, पुलावर कॅमेरे असतात, माणसं येतात. बोनेट उघडायचं नाही. काही करायचं नाही. नुसतं थांबायचं. हैदराबादवाली म्हणाली, "दीदी, आप बेच रही हो या डरा रही हो?" ही म्हणाली, "ताई, आधी एक गाडी बघितली, त्या माणसाने काहीच सांगितलं नाही, मला एकदम छान वाटलं. तुम्ही एवढं सांगितलं तर आता भीती वाटायला लागलीय." मी म्हणाले, "मग नको घेऊस." तिने बोनेटकडे बघितलं. "घेते ना. ती चालत यायची भीती याच्यापेक्षा मोठी आहे."

उन्हात मी त्यांना जाऊ दिलं नाही. सहा वाजता चेंज येणार होता. दक्षिणेकडून गार वारा येतो आणि काही मिनिटांत गरमी उतरते, तो. मी म्हणाले, कागदपत्रं नीट बघू, चहा घेऊ, मग आणखी चहा घेऊ. मी इतकी बोलकी कधी नव्हते. बाबा माझ्याकडे बघत होते. मग पडदा आत फुगला, बाहेरचा कचऱ्याचा डबा आडवा झाला, आणि बाबाच म्हणाले, "आला. आता जा." गाडी रस्त्याला लागताना ते खिडकीपाशी वाकून म्हणाले, "पोचलीस की मिस कॉल दे." दोघी हसल्या. "काका, मिस कॉल कोण देतं आता? मेसेज करते ताईंना." बाबांनी बोनेटवर हात ठेवला आणि काढला.

हे पत्र मी सकाळीच गाडीच्या कप्प्यातून काढून घेतलं होतं. ते त्या मुलीच्या हाती लागून चालणार नव्हतं. आता ते फडक्याबरोबर ठेवीन. फडकं अजून आहे, आई, माझ्या मोजमापाच्या हत्यारांच्या डब्यात, सगळ्यात खाली.

त्या गेल्यावर गॅरेजमध्ये नुसता तेलाचा डाग राहिला. अंधार पडत आला. मी फोन पालथा ठेवत होते, सुलटा करत होते. चेंजमुळे पुलावर वारा जोराचा असतो. रविवारी सगळं शहर समुद्रावरून परतत असतं. गाड्या तिष्ठतात, आणि तिष्ठलं की इंजिन तापतं, बाहेर गार असलं तरी. हे मला आधी सुचायला हवं होतं. बाबा ओट्यापाशी उभे होते. डाळ-तांदूळ धुऊन कुकरमध्ये घातलेले, झाकण बाजूला. त्यांना आता साखर आहे. जेवणाला उशीर झाला की हात कापतात. कापत होते. मी म्हणाले, लावा ना कुकर. म्हणाले, "बघू. थांब जरा." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी विचारलं, "पोचल्या का गं?"

मी फोनकडे बघितलं. त्यावर काही नव्हतं.

मी म्हणाले, "पोचल्या."

त्यांनी झाकण लावलं, गॅस पेटवला, आणि स्टुलावर बसले. मी बाहेर जाऊन त्या डागापाशी उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती रिंग देताना तुला काय वाटलं असेल ते मला कधीच कळणार नाही.

मेसेज नंतर आला, फोटोसकट. गाडी एका दिव्याखाली उभी आहे, दोघी तिला टेकून. बाबांचं जेवण तोपर्यंत झालं होतं.